अळ्यांच्या शरीरातील कीटकनाशकांचे विघटन
पिकांवरील किडींच्या अळ्यांच्या शरीरात कीटकनाशक मुख्यत्वे दोन मार्गांनी शिरते : फवारलेले पान खाल्ल्याने मध्यांत्रात (अन्ननलिकेच्या मधल्या भागात) आणि स्पर्शाने मेणचट उपत्वचेतून. तंत्रिकांपर्यंत (मज्जातंतूंपर्यंत) पोहोचण्यापूर्वीच त्याचे विघटन होते की नाही, यावर फवारणीचे यश पुष्कळसे अवलंबून असते. ही गोष्ट बरीच उशिरा ध्यानात आली.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात जिप्सी पतंगाच्या सुरवंटांविरुद्ध १८९२ मध्ये लेड आर्सेनेट वापरण्यात आले. हे जठर विष होय. आर्सेनिक हे मूलद्रव्यच असल्याने ते मोडून नाहीसे करणे अळीला शक्य नव्हते. पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधून काढल्यावर कार्बनी स्पर्श विषांचा प्रसार झाला. वसेत विरघळणारी ही द्रव्ये उपत्वचेतून सहज आत जातात. परंतु कार्बनी रेणू मोडता येतो.

अळ्यांच्या बाबतीत महत्त्वाचे संशोधन १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रीगर, फीनी व विल्किन्सन यांनी पतंग-फुलपाखरांच्या ३५ जातींच्या अळ्यांची मध्यांत्रे तपासली. नाना प्रकारच्या वनस्पतींवर उपजीविका करणाऱ्या अळ्यांत ऑक्सिडीकरण घडविणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडविणारी प्रथिने) एकाच प्रकारच्या वनस्पतींवर जगणाऱ्या अळ्यांतल्यापेक्षा अधिक क्रियाशील आढळली. वनस्पतींतील विषे निकामी करण्यासाठी विकसित झालेली ही सामग्री कीटकनाशकांविरुद्ध आयतीच उपयोगी पडते, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. या स्पष्टीकरणाबद्दल पुढे मतभेद झाले, तरी त्याने संशोधनाला दिशा दिली.

कापूस, तूर, हरभरा, टोमॅटो असे जवळजवळ काहीही वर्ज्य नसलेली हिरवी बोंड अळी याचे ठळक उदाहरण होय. भारतात १९८० च्या सुमारास संश्लेषित पायरेथ्रॉइडे आली. १९८७ मध्ये आंध्र प्रदेशात कापसावर वारंवार फवारणी करूनही ही अळी आटोक्यात आली नाही. तंत्रिकांची असंवेदनशीलता व उपत्वचेतून होणारा मंद प्रवेश हीही कारणे अशा अळ्यांत आढळली. पण ऑक्सिडीकरणाचा वाटा मोठा आहे. ही एंझाइमे रोखणारे पिपरोनिल ब्युटॉक्साइड मिसळल्यास विषाचा प्रभाव बऱ्याच अंशी परत येतो. दोन जनुकांचे भाग जोडले जाऊन बनलेले एक जनुक ऑस्ट्रेलियातील अळ्यांना फेनव्हॅलरेट निकामी करण्याचे सामर्थ्य देते, असे २०१२ मध्ये दाखविण्यात आले.

विघटन नेहमीच अळीच्या पथ्यावर पडते असे नाही. इंडोक्साकार्ब हे मूळ रूपात फारसे प्रभावी नसते. अळीच्या शरीरातील एंझाइमांनी त्याचा एक भाग तोडल्यावरच ते जहाल बनते.