टँकरचा ताळेबंद आणि जहाजाचं वय

जळगाव-धुळ्याकडे टँकर म्हटलं की उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर आठवतो, नाहीतर मनमाडजवळच्या पानेवाडीहून पेट्रोल-डिझेल आणणारा. आज आपला विषय समुद्रावरच्या टँकरचा आहे. पण नातं जवळचं. मुंबई बंदरात जवाहर द्वीपाला जहाजातलं कच्चं तेल उतरतं, माहुलच्या कारखान्यांत ते शुद्ध होतं आणि तिथून नळवाटे इंधन मनमाडला येतं.

अलीकडे आपल्याकडचे निवृत्त लोकही शेअर घेतात, आणि वर्तमानपत्रातला नफ्याचा आकडा बघून घेतात. म्हणून हा विषय काढला.

मुंबईची ग्रेट ईस्टर्न शिपिंग ही 1948 सालची कंपनी. तिची जहाजं ‘जग’ या नावाने सुरू होतात. 2017-18 आणि 2018-19 ही दोन्ही वर्षं तिला तोट्याची गेली. 2022-23 मध्ये मात्र नफा अडीच हजार कोटींच्या वर. कंपनीची माणसं चार वर्षांत एकदम हुशार झाली असं नव्हे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. युरोपने रशियाचं तेल नाकारलं, ते भारत-चीनकडे वळलं, आणि युरोप लांबून तेल आणू लागला. तेल तेवढंच, पण वाट दुप्पट-तिप्पट. जहाजं वाटेतच अडकून राहिली आणि भाडं कडाडलं. शिवाय कमाई डॉलरमध्ये. रुपया घसरला की आकडा आणखी फुगतो.

इथे आपल्या शेतकऱ्याला गंमत वाटेल. कापसाला एका वर्षी भाव आला की पुढच्या वर्षी सगळे कापूस लावतात, आणि मग काय होतं ते सांगायला नको. जहाजांचंही तेच, फक्त जहाज बांधून हातात यायला दोन-तीन वर्षं लागतात. तेजीत मागवलेलं जहाज पुष्कळदा मंदीत पाण्यात उतरतं, कर्जाचा हप्ता मात्र तेजीतल्या किमतीवर. ग्रेट ईस्टर्नने या तेजीत जुनी जहाजं विकली आणि घेताना हात आखडता ठेवला. आम्हाला हे त्या नफ्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

कारण टँकरचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षं. ताळेबंदात घसारा लावतात तो जुन्या खरेदीच्या किमतीवर. नवं जहाज घ्यावं लागतं आजच्या किमतीला. रावेर-यावलचा केळीवाला हे बरोबर ओळखतो. पिलबागेत लागवडीचा खर्च वाचतो म्हणून त्या वर्षी हातात पैसा जास्त दिसतो. पण किती वर्षं पिलावर काढायची, हा प्रश्न उरतोच. त्यात नियमही बदलतात. 1989 मध्ये अलास्काजवळ एक्सॉन व्हाल्डेझ फुटलं आणि पुढे जगभर दुहेरी कवचाचे टँकर सक्तीचे झाले. चालू स्थितीतली एकेरी कवचाची जहाजंसुद्धा टप्प्याटप्प्याने बाद झाली.

आता थोडं मागे जाऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांनी 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. (ही टँकरची कंपनी नव्हती, हिशेब तोच.) पहिलं जहाज ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघालं. हाच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. भाषणांत एक गोष्ट सहसा येत नाही: ते जहाज 1891 सालचं होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलं तेव्हाच अठ्ठावीस वर्षांचं. 1923 साली ते भंगारात गेलं. ब्रिटिश कंपन्यांच्या भाडेयुद्धात सिंदिया टिकली, नवी जहाजं घेत राहिली. तीच सिंदिया 1980च्या दशकातल्या मंदीत कर्जाखाली दबली.

ग्रीकांचा एक जुना कूटप्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली. सगळ्या बदलल्यावर ते तेच जहाज का? जहाज कंपनीपुढे प्रश्न उलटा येतो. फळ्या बदलल्या नाहीत तर ती किती दिवस तीच कंपनी राहील?

शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाकडे बघा. 2 ऑक्टोबर 1961 ला एकोणीस जहाजांवर सुरू झालेली ही सरकारी कंपनी देशातली सर्वांत मोठी झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्राने ती विकायला मंजुरी दिली आणि विक्री वर्षानुवर्षं रेंगाळली. विकायला काढलेल्या घराला रंग कोण लावतो? जहाजांचं सरासरी वय वाढत गेलं. तेजीच्या वर्षांत नफा तिलाही झाला. म्हणून अहवाल हातात आला की आम्ही नफ्याचं पान मागे ठेवतो. आधी जहाजांची यादी काढून त्यांची बांधणीची सालं वाचतो.