हार्लेमचं फाटक

सूतगिरणीतली रात्रपाळी सुटली, तसाच एका कॉलेजात फॉर्म आणायला गेलो होतो. खिडकीतल्या बाबूनं मार्कांचा कागद वरखाली केला आणि म्हणाला, ‘‘एवढ्या मार्कांत काय होणार? कॉलेजला दर्जा आहे.’’ तेव्हापासून हा ‘दर्जा’ डोक्यात चातीसारखा फिरतोय. दर्जा कुणाचा? इमारतीचा, की आत शिकणाऱ्या माणसाचा?

मित्रांनो, हाच सवाल न्यूयॉर्कच्या पोरांनी १९६९ साली कॉलेजचं फाटक अडवून विचारला. ती हकीकत आपल्याला माहीत पाहिजे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून वीस-बावीस गल्ल्या वर, हार्लेमच्या टेकडीवर सिटी कॉलेज आहे. १८४७ साली सामान्यांच्या पोरांसाठी स्थापलेलं. फी नाही. पण फुकट म्हणजे खुलं नव्हे. हायस्कूलच्या मार्कांची चाळण होती आणि काळ्या वस्तीतल्या शाळांना त्या चाळणीपर्यंत पोचवायचं बळच दिलेलं नव्हतं. कॉलेज हार्लेमात आणि हार्लेमची पोरं बाहेर. गावात विहीर आणि आपण लांब उभे, तसंच.

२२ एप्रिल १९६९. काळ्या आणि प्युर्टो रिकन विद्यार्थ्यांनी दक्षिण आवाराची फाटकं बंद केली. नाव दिलं ‘हार्लेम विद्यापीठ’. मागण्या पाच. त्यातली मोठी ही : शहराच्या हायस्कुलांत ज्या प्रमाणात काळी आणि प्युर्टो रिकन पोरं आहेत, त्या प्रमाणात ती कॉलेजातही दिसली पाहिजेत. दुसरी एक : जो मास्तर होणार, त्यानं आमचा इतिहास आणि स्पॅनिश भाषा शिकलीच पाहिजे. दोनेक आठवडे ठिय्या चालला. कॉलेजचे अध्यक्ष ब्यूएल गॅलाघर यांनी मे महिन्यात राजीनामा दिला. जुलैत शहराच्या उच्च शिक्षण मंडळानं ठराव केला : सप्टेंबर १९७० पासून हायस्कूल पास झालेल्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा. नवे विद्यार्थी एका वर्षात २० हजारांवरून ३५ हजारांच्या घरात गेले.

आता गंमत बघा. फाटक हलवलं काळ्यांनी, पण त्यातून संख्येनं जास्त आत आली गोऱ्या कामगारांची पोरं. इटालियन, आयरिश घरांतली. तळातला माणूस दार उघडतो, तेव्हा ते एकट्यासाठी उघडत नाही.

पांढरपेशे ओरडले : दर्जा बुडाला! तेव्हा मीना शॉघनेसी नावाची बाई सिटी कॉलेजात नव्या पोरांना लिहायला शिकवत होती. तिनं त्यांचे सुमारे ४ हजार निबंध बारकाईनं तपासले आणि १९७७ साली पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं साधं होतं. ही पोरं मठ्ठ नाहीत, नवशिकी आहेत. त्यांच्या चुकांनाही रीत आहे, ती रीत आधी मास्तरनं शिकावी. म्हणजे नापास कोण, हा सवालच तिनं उलटा केला.

पण १९७६ साली शहराचा खजिना आटला. १२९ वर्षं नसलेली फी बसली. काळी-प्युर्टो रिकन पोरं गर्दीनं आत आल्यावर सहाच वर्षांनी! पुढं १९९९ साली महापौरांच्या समितीनं अहवाल दिला की युनिव्हर्सिटी भरकटली आहे. चार वर्षांच्या कॉलेजांतून कच्च्या पोरांचे तयारीचे वर्ग काढून टाकायचं ठरलं.

आणि मग २००७ साली पॉल ॲटवेल आणि डेव्हिड लेव्हिन या दोन संशोधकांचं पुस्तक आलं. १९७० ते ७२ मध्ये दाखल झालेल्या बायांना त्यांनी तीस वर्षांनी गाठून विचारलं, पुढं काय झालं? दहातल्या सात बायांनी कुठली तरी पदवी मिळवली होती. कुणी नोकरी करून, कुणी पोरं वाढवून, मधे सोडून, पुन्हा येऊन. चार वर्षांनी मोजलं असतं तर यातल्या कितीतरी ‘गळाल्या’ म्हणून लिहिल्या गेल्या असत्या. आणि आई शिकली, त्या घरातली पोरंही पुढं गेली.

म्हणून दोस्त हो, संस्था सुधारण्याचं संशोधन कुणी समोर ठेवलं की दोन गोष्टी विचारा. माप कुणाचं घेतलं? आणि किती वर्षांनी घेतलं? संस्थेचं नाव मोजणारा एक हिशेब काढतो, माणसाचं आयुष्य मोजणारा दुसरा.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. वेळ माणसाच्या पाळीप्रमाणं बदलली. दर्जा म्हणतात तो हा.

तेव्हा आपापल्या वस्तीत एक वही घाला. कोण कॉलेजात गेलं, कोण मधेच सुटलं, कशापायी सुटलं, परत गेलं का, सगळं लिहा. आपला हिशेब आपणच ठेवू. खिडकीतल्या बाबूसमोर पुढच्या खेपेला मी मार्कांचा कागद एकटा नेणार नाही, ही वहीही नेणार आहे.