परसांतील तळें आणि पाण्याची शुद्धि

पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान, केम नांवाचें स्थानक लागतें. गांवाची ख्याति तेथील कुंकवामुळें व उत्तरेश्वराच्या देवालयामुळें झाली. पाण्याबद्दल ती कधींच नव्हती. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला हा करमाळा तालुक्याचा मुलूख. वर्षाकाठीं पाऊस वीस-बावीस इंच, आणि तोहि स्वतःच्या लहरीप्रमाणें पडणारा. अशा ठिकाणीं एखाद्या गृहस्थानें परसांत कमळांचें तळें करावयाचें मनांत आणलें, तर शेजारी त्यास एक तर श्रीमंत म्हणतील, नाहीं तर वेडा म्हणतील. आमच्या मतें तो दोन्हींपैकीं कोणीच असण्याचें कारण नाहीं. मात्र त्यानें कुदळ हातीं घेण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहावा. पाणी आणावयाचें कोठून, हा पहिला प्रश्न. आणि आणलेलें पाणी सडूं न देतां ठेवावयाचें कसें, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आपल्या पूर्वजांच्या हातीं पुष्कळ अंशीं लागलें होतें. परंतु ‘शुद्ध’ या एका शब्दानें आपल्या समाजांत असा कांहीं घोटाळा केला कीं, तें हातचें उत्तर आपण फार काळ विसरून बसलों.

मराठींत गढूळ पाणी ‘निवळतें’. या क्रियापदाचें निवळी नांवाच्या झाडाशीं असलेलें नातें कोणाच्याहि कानास जाणवावें. निवळीचें बीं माठाच्या आंतल्या अंगास उगाळलें म्हणजे पाण्यांतील मातीचे कण एकमेकांस बिलगून तळाशीं बसतात. संस्कृतांत यासच कतक म्हणतात. सुश्रुतानें गढूळ पाणी स्वच्छ करणारीं सात द्रव्यें सांगितलीं आहेत, त्यांत कतकास पहिलें स्थान आहे. पण आमचें लक्ष त्या यादींतील दुसऱ्याच दोन वस्तूंकडे जातें : कमळाच्या देठाची गांठ, आणि शेवाळाचें मूळ. मोती आणि मणि यांच्या पंक्तीला शेवाळ बसविणारा हा वैद्य नुसत्या सोंवळ्याओंवळ्याचा विचार करणारा नव्हता. तळ्याच्या कांठीं बसून त्यानें किंवा त्याच्या आधीं कोणीं तरी डोळे उघडे ठेवून पाहिलें असलें पाहिजे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानेंहि बृहत्संहितेंत विहिरीच्या पाण्यासाठीं एक चूर्ण दिलें आहे. त्यांत अंजन, आंवळा व कतक यांच्या जोडीला नागरमोथा आणि वाळा हीं दोन मुळें येतात. हीं दोन्हीं झाडें ओलाव्याचीं सोबतीण आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पाणी स्थिर ठेवून गाळ बसूं द्यावा आणि वरचें तेवढें पुढें न्यावें, ही युक्ति पुण्यांत फार मोठ्या प्रमाणावर साधली गेली. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या डोंगरांतून पुण्यापर्यंत जो नळ आणला, त्याचें कौतुक बहुधा त्याच्या लांबीबद्दल होतें. खरें कौतुक त्यांतील विश्रांतीच्या जागांचें करावयास हवें. कात्रजला एकाखालीं एक अशीं दोन तळीं बांधलीं. वरच्यांत ओढ्याचा गाळ बसावा आणि निवळलेलें पाणी खालच्यांत उतरावें. तेथून माणूस आंत शिरूं शकेल अशा दगडी भुयारांतून तें केवळ उताराच्या जोरावर शहराकडे वाहत येई, आणि वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वासामुळें भुयारांतील हवा मोकळी होई, माणसाला आंत उतरतां येई, आणि पाण्यालाहि क्षणभर थांबून आपलें ओझें खालीं टाकतां येई. शेवटीं तें पाणी शनिवारवाड्याच्या कारंजांत, सार्वजनिक हौदांत आणि वाड्यांच्या चौकांत पोहोंचे. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव हौद हीं नांवें पुणेकरांच्या बोलण्यांत आजहि आहेत. त्यांतलें पाणी मात्र गेलें.

हौद घरांत आला आणि त्याबरोबर हौदावर हक्क कोणाचा, हा प्रश्नहि घरांत आला. दगडमातीचा गाळ बसविण्यासाठीं एवढा खटाटोप करणाऱ्या समाजास पाणी विटाळण्याची खरी भीति वाटे ती माणसाच्या स्पर्शाची. इ. स. १८६८ मध्यें जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, तेव्हां त्या एका कृतीनें त्यांनीं ‘शुद्ध’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून दाखविले. घरच्या हौदाची गोष्ट असल्यामुळें ती कोणाला लहान वाटेल. आम्हांस ती मोठी वाटते. कारण सभेंत ठराव करणें सोपें, आणि आपल्या परसाचें दार उघडणें कठीण.

ठरावाचें काय होतें, तें महाडास दिसलें. मुंबई विधिमंडळानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव १९२३ सालीं केला. महाडच्या नगरपालिकेनें तो मान्यहि केला. तरीहि चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यास डॉ. आंबेडकरांना १९२७ च्या मार्चमध्यें हजारों लोकांसह तेथें जावें लागलें. त्यानंतर गांवांतील सनातनी मंडळींनीं तळें ‘शुद्ध’ करण्यासाठीं दहीं, दूध, शेण आणि गोमूत्र यांनीं भरलेले १०८ घडे मंत्रघोषांत पाण्यांत बुडविले. न्यायालयानें अखेर १९३७ सालीं निकाल दिला तो तळें सर्वांस खुलें ठेवणारा. एवढ्या विस्तीर्ण जलाशयास १०८ घड्यांनीं फारसा अपाय झाला नसेल. परंतु परसांतल्या लहानशा तळ्यावर कोणीं हाच प्रयोग केला, तर चार दिवसांत पाणी हिरवें होऊन मासे वर पोट करून तरंगूं लागतील. दूध आणि शेण कुजतांना पाण्यांतला प्राणवायु खाऊन टाकतात, आणि त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांवर हिरवें शेवाळ माजतें. माणसाच्या ओंजळीनें मात्र यांतलें कांहींच होत नाहीं.

मग पाणी बिघडतें कशानें? आपल्याकडील बारवांनीं याचें एक भयंकर उत्तर दिलें होतें. करमाळ्यास कमलाभवानीच्या देवालयाजवळ शहाण्णव पायऱ्यांची प्रसिद्ध विहीर आहे. अशा पायऱ्यांच्या विहिरी म्हणजे आपल्या शिल्पाचें भूषण. परंतु पायऱ्या उतरून माणूस गुडघाभर पाण्यांत उभा राही, त्याच्या पायास नारूचा फोड असला तर कृमीचीं पिलें पाण्यांत सुटत, सायक्लॉप्स नांवाचा नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसणारा जलजीव तीं गिळी, आणि तें पाणी गाळल्यावांचून पिणाराच्या अंगांत वर्षभरानें नवा नारू तयार होई. सायक्लॉप्सचा हा भाग फेदचेन्को या रशियन संशोधकानें १८७० च्या सुमारास उजेडांत आणला. नारूनें पायाची जात कधीं विचारली नाहीं. एक दुपदरी फडकें त्याच्या निवारणास पुरेसें होतें. सुश्रुताच्या त्या सात द्रव्यांत वस्त्र आहेच. हिंदुस्थान नारूमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें तें २००० सालीं.

पाण्याचे खरे परीट कोण, हेंहि युरोपांत त्याच सुमारास कळूं लागलें. फ्रान्समध्यें श्लोझिंग आणि म्युन्ट्झ यांनीं १८७७ सालीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून सांडपाणी हळूहळू सोडलें. कांहीं दिवस कांहींच घडलें नाहीं. नंतर खालीं येणाऱ्या पाण्यांतील अमोनिया नाहींसा होऊन त्याचें नायट्रेट झालेलें आढळलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें काम बंद पडलें. याचा अर्थ, काम वाळू करीत नव्हती. वाळूवर वस्ती केलेले सूक्ष्मजंतु करीत होते. पुढें १८९० मध्यें विनोग्राड्स्कीनें ते जंतु वेगळे काढून दाखविले. दोनच वर्षांनीं हांबुर्ग शहरांत पटकीनें आठ हजारांवर माणसें दगावलीं. त्याच्या शेजारचें आल्टोना तीच एल्ब नदी, आणि तीहि हांबुर्गच्या खालच्या अंगाची, पीत असूनहि पुष्कळसें बचावलें. कारण तेथें पाणी वाळूच्या थरांतून सावकाश पाझरविलें जात होतें. त्या वाळूवर जी बुळबुळीत साय धरते, ती पाहून आपल्याकडील कोणतीहि गृहिणी खराटा उचलील. काम करीत असते ती तीच साय. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींत कॅथे झायडेल या विदुषीनें लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींच्या मुळांशीं हेंच कार्य चालतें असें प्रयोगांनीं दाखविलें, आणि सुश्रुताचें शेवाळाचें मूळ पुनः विद्वानांच्या पंक्तीस येऊन बसलें.

आतां केमच्या परसाकडे वळूं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि अडीच फूट खोल असें तळें धरलें, तर त्यांत सुमारे ४,२०० लिटर पाणी मावेल. वैशाखांत या भागांतलें ऊन रोज सुमारें एक सेंटिमीटर पाणी उडवितें. म्हणजे एवढ्या तळ्यास रोज पंचावन्न लिटर, चारएक घागरी, लागतील. हा हिशेब ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळेल, आणि तो येथेंच मावळलेला बरा. परंतु दुसरा हिशेबहि मांडला पाहिजे. पांचशें चौरस फुटांच्या छपरावर वीस इंच पाऊस पडला, तर गळती-शिंपड वजा जातां अठरा-एकोणीस हजार लिटर पाणी हातीं येतें. तळ्याचें वर्षाचें बाष्पीभवन याहून बरेंच कमी भरतें. म्हणून प्रथम छपराची पन्हळ आणि झांकलेली टांकी करावी, मग तळें. पिण्याच्या टँकरचें पाणी कमळास घालणें हा केमसारख्या गांवांत अविचार ठरेल. पहिल्या दोन वळवांचें छपराचें पाणी धूळ आणि पाखरांची विष्ठा घेऊन येतें. तें बागेंत सोडून द्यावें.

जागा अशी पाहावी कीं दुपारनंतर भिंतीची सावली पडेल, पण चिंचेचा पाला पडणार नाहीं. काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते, त्यामुळें नुसत्या मातीच्या कांठाचा भरंवसा धरूं नये. मुरूम लागेपर्यंत खणून वर पक्कें अस्तर द्यावें. चुना अथवा सिमेंट वापरल्यास तळें भरून, आठवडाभर ठेवून, उपसावें. हें दोन-तीनदां केल्याखेरीज मासे सोडणें म्हणजे त्यांस क्षारांत लोटणें होय. तळ्याच्या एका अंगास, क्षेत्राच्या चतुर्थांशाइतकी तरी, खडीची वाफ ठेवावी : खालीं मोठी खडी, वर बारीक, तींत वाळा, वेखंड, कर्दळ आणि थोडें पाणकणीस. पाणकणीस मात्र कुंडींतच कोंडावें, नाहीं तर दोन वर्षांत तळें त्याचें होईल. लहानशा पंपानें तळाचें पाणी वाफेखालीं सोडलें, कीं तें खडींतून वर चढून पाझरत परत तळ्यांत पडतें. कात्रजच्या दोन तळ्यांचीच ही धाकटी आवृत्ति; फरक इतकाच कीं तेथें उतार काम करी, येथें वीज.

पहिले पांच-सहा आठवडे पाणी हिरवें राहील. त्या काळांत घरधन्यास औषध ओतण्याचा किंवा सारें उपसून घासण्याचा मोह होईल. तो त्यानें टाळावा, कारण खडीवरची वस्ती तेव्हां नुकती बसत असते. मासे थोडेच सोडावेत, आणि तेहि जवळच्या ओढ्यांतले लहान, डासांच्या अळ्या खाणारे. १९२८ सालीं हिंदुस्थानांत आणलेल्या गॅम्बूशियाची एके काळीं फार शिफारस होई. पण तो ओढ्यांत पसरला म्हणजे देशी माशांच्या पिलांवर उठतो. पीठ, पोळी, भात पाण्यांत टाकूं नये. हें पाणी पिण्याचें नव्हे, एवढें मुलांस सांगून ठेवावें. आणि चार वर्षांचें मूल घरांत असेल तर तळ्यावर जाळी असावी. उन्हाळ्यांत पहांटे मासे तोंडें वर काढून हवा घेतांना दिसले, तर प्राणवायु कमी पडला असें समजून पंप रात्रभर चालूं ठेवावा. माघाच्या अखेरीस वाफेवरची झाडें निम्मीं छाटावीं, आणि तळाचा गाळ बादलीनें काढून भाजीच्या वाफ्यास घालावा. जें नायट्रेट मुळांना पुरून उरतें तें वांग्यांना चालतें.