कंप हातात, पण पडणं तोलामुळे

कंपवात म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. चहा बशीत सांडतो, बँकेत सही जुळत नाही. दवाखान्यातही बहुतेक जण हाताबद्दलच बोलतात. पण खुब्याचं हाड मोडतं ते तोल गेल्यामुळे.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात रुग्ण फक्त सहा, त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले! तरी कंपाबरोबर त्यांनी चालही टिपली. धड पुढे झुकतं आणि चालता चालता माणूस नकळत धावू लागतो. त्यातल्या एका गृहस्थाचं वर्णन वाचण्यासारखं आहे. नोकर समोर उभा राहून त्यांच्या खांद्यांना तळहात लावायचा. ते मागेपुढे झुलत तोल साधायचे, खूण करायचे आणि धावत सुटायचे. २० एक पावलांनंतर त्यांना सावरायला नोकर तयारच असे.

१९६७ मध्ये होएन आणि यार या डॉक्टरांनी आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. कंप दोन्ही हातांत आला तरी तोल शाबूत असेल, तर ती दुसरीच पायरी. तोल बिघडला की तिसरी. म्हणजे मोजमाप थरथरीवर नव्हे, तोलावर ठरलं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. त्याच सुमारास लेव्होडोपा हे औषध आलं. त्यानं ताठरपणा आणि मंदपणा छान कमी होतो. तोलाला मात्र तेवढा फायदा होत नाही. म्हणून गोळी लागू पडली तरी चालण्याचा, तोलाचा व्यायाम सोडू नका.

दुसरा आजार इसेन्शियल ट्रेमर. यात काही धरताना, लिहिताना हात कापतो आणि तो बऱ्याचदा घराण्यात असतो. याला वर्षानुवर्षं 'निरुपद्रवी' म्हटलं गेलं. १९९४ मध्ये मात्र अशा रुग्णांना टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालवून पाहिलं, तेव्हा त्यांची पावलं चुकत होती. तोल आणि हालचालींचा मेळ राखणाऱ्या लहान मेंदूशी याचा संबंध असावा, असं मानतात.

तेव्हा पुढच्या वेळी हाताबरोबर हेही सांगा: वळताना अडखळता का, बोलत चालताना पाय थबकतात का, गेल्या वर्षात पडलात का. आम्ही मागे उभं राहून तुमचे खांदे झटक्यात ओढतो आणि तुम्ही किती पावलांत सावरता ते बघतो. ही तपासणी घरी मुलाकडून करून घेऊ नका.