पडद्यावरील कंप आणि फिल्मचीं भोकें

कर्जत-खालापूरकडील मुलखास चित्रपटाच्या व्यवसायांत जी ओळख मिळाली, ती २००५ सालीं तेथें उभ्या राहिलेल्या एन. डी. स्टुडिओमुळें. २००८ च्या ‘जोधा अकबर’साठीं तेथें उभारलेले महाल पाहून प्रेक्षक थक्क झाले. परंतु महाल कितीहि भव्य असला, तरी तो पडद्यावर थरथरूं लागल्यास त्याचें वैभव क्षणांत नाहींसें होतें. महाल उभारणाऱ्यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. चित्र स्थिर ठेवणाऱ्यांविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. आज बहुतेक चित्रगृहांतून फिल्मच गेली असल्यामुळें तर हा विषय विस्मरणांत जाण्याच्या मार्गावर आहे.

हलतें चित्र म्हणजे मुळांत उभ्या चित्रांची माळ. बोलपटांत सेकंदास २४ चित्रें दिव्यापुढें येतात. प्रत्येक चित्र क्षणभर निश्चल उभें राहतें. मग शटर प्रकाश अडवितें आणि तेवढ्या अवधींत दातेरी चक्र पुढचें चित्र ओढून आणतें. चक्राचे दांत फिल्मच्या कडांवरील भोकांत अडकतात. ३५ मिलिमीटर फिल्मवर प्रत्येक चित्रास दोन्ही कडांना चार-चार, म्हणजे एकंदर आठ भोकें असतात. इंचाहूनहि अरुंद असें हें चित्र वीस फुटी पडद्यावर जवळजवळ तीनशें पट मोठें होतें. अर्थात् फिल्म केसभर सरकली, तर पडद्यावरील राजा इंचभर उडी मारतो!

हीं भोकें आरंभीं कोण पाडीत असे? दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोकें पाडण्याचें यंत्रहि घेऊन आले; कारण कोरी फिल्म त्या काळीं भोकांवांचूनच येई. दादर येथील घरीं अंधारांत बसून भोकें पाडण्याचें काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं अंगावर घेतलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फूट लांबीचा होता. फुटास सोळा चित्रें, चित्रास आठ भोकें. म्हणजे केवळ एवढ्या लांबीस ४,७३,६०० भोकें झालीं. त्यांच्या अंतरांत विषमता राहिली, तर पुढें कितीहि निष्णात यंत्रचालक लाभला तरी ती भरून निघत नाहीं.

म्हणून जुन्या प्रोजेक्टरवर चित्र कांपूं लागल्यास यंत्रास हात घालण्यापूर्वीं दोष कोणाचा, हें ठरविलें पाहिजे. पडद्यावरील प्रकाशाची चौकटहि हलत असेल, तर यंत्राची बैठक डळमळीत आहे. चौकट स्थिर राहून चित्रच उडत असेल, तर उडीचा ताल पाहावा. फिल्म ओढणाऱ्या सोळा दांतांच्या चक्राचा एक फेरा चार चित्रांत पुरा होतो. तेव्हां दर चौथ्या चित्रास उडी पडल्यास तें चक्र वांकडें आहे असें समजावें. चित्र आडवें झुलत असेल, तर फिल्मला कडेनें धरणारी पट्टी झिजली आहे. उडी अनियमित असेल, तर गेटमधील मळ, सैल पडलेली कमान किंवा सदोष सांधा यांची शंका घ्यावी. शेवटीं स्थिर चालणारी म्हणून ठाऊक असलेली दुसरी फिल्म लावून पाहावी; ती नीट चालली, तर यंत्र निर्दोष आहे आणि व्यंग पहिल्या फिल्ममध्येंच आहे.

ही शेवटची कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जुनी फिल्म वाळून आंखडते व तिच्या भोकांमधील अंतर चक्राच्या दांतांशीं जुळेनासें होतें. अशा वेळीं यंत्रास दोषी ठरवून कमान आवळली, तर चित्र स्थिर होण्याऐवजीं भोकें मात्र फाटतात. आणि फाटलेलें भोंक पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. ‘राजा हरिश्चंद्रा’चा आज कांहीं अंशच उरला आहे. जें थोडें वांचलें तें उतावळ्या दुरुस्तीपायीं गमावणें परवडणारें नाहीं. आंखडलेली फिल्म जुन्या यंत्रांतून जबरीनें ओढूं नये. तिची प्रत जाणत्याकडून करवून घ्यावी, हेंच शहाणपणाचें.

चित्रपटाच्या इतिहासांत दिग्दर्शक, नट आणि महाल यांना मान आहे, व तो योग्यहि आहे. परंतु ज्या कामावर त्यांचें सर्व वैभव उभें राहिलें, तें एका गृहिणीनें अंधारांत, नजरेपेक्षां हाताच्या भरंवशावर केलें. तें चोख झालें कीं कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. इतिहासकारानें तें लक्षांत आणून दिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.