भाताचा ओलावा, चिखलाचा ओलावा : जासई परिसराच्या संदर्भात मोजमापाचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जासई आणि आसपासच्या खारेपाटातील गावांचा निर्वाह दीर्घकाळ भातशेती व मिठागरांवर चालत आला. पाणी उडाल्याखेरीज मीठ हाती येत नाही आणि पुरेसे वाळल्याखेरीज भात कणगीत टिकत नाही. दाणा दाताखाली दबतो की कट्कन तुटतो, यावरून शेतकरी भाताचा ओलावा ठरवीत असे. ही परीक्षा अशास्त्रीय म्हणून मोडीत काढता येणार नाही. ओलाव्यानुसार दाण्याचा कठीणपणा बदलतो, हेच तिच्यामागील तत्त्व होय. मात्र तिचा निकाल आकड्यात मांडता येत नसे, आणि खरेदीदारास आकडा हवा असतो.

आकडा मिळविण्याची मूळ रीत साधी आहे. नमुना तोलून सुमारे १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावयाचा. घटलेले वजन म्हणजे पाणी. यास कित्येक तास लागतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील ब्राऊन व डुव्हेल यांनी १९०७ साली धान्य तेलात तापवून निघणारे पाणी मोजण्याची रीत मांडली, तर १९०८ साली लायमन ब्रिग्ज यांनी विद्युत्-रोधावरून ओलावा काढण्याची. पुढील यंत्रे विद्युत्-धारकतेवर आधारली. कारण पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८० आणि कोरड्या धान्याचा त्या मानाने फारच थोडा असतो. अर्थात अशी यंत्रे पाणी प्रत्यक्ष मोजीत नाहीत. भट्टीच्या निकालाशी जुळवून घेतल्याविना त्यांच्या आकड्यास अर्थ नाही.

शासकीय भातखरेदीत ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. १४ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये ८६ किलो कोरडे द्रव्य असते. १७ टक्क्यांच्या हिशेबाने ते सुमारे १०३.६ किलो भात ठरते. तरीही अधिक वाळविणाऱ्यास वाढीव दर नाही. काटा एकाच बाजूस झुकतो.

१९७० साली सिडकोची स्थापना होऊन या पट्ट्यातील जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जासईचेच दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलीस गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना याच लढ्याचे फलित होय. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर कार्यान्वित झाले.

जमिनीचा उपयोग पालटला तसा ओलाव्याचा प्रश्न भाताकडून मातीकडे वळला. खाडीकाठच्या मऊ चिकणमातीवर भराव, रस्ते व इमारती उभारताना जमीन किती खचेल याचा अंदाज तिच्यातील पाण्यावरून बांधावा लागतो. भट्टी तीच, तराजू तोच. छेद मात्र बदलतो. धान्यात पाण्याचे प्रमाण ओल्या वजनाशी काढतात, स्थापत्यशास्त्रात कोरड्या मातीच्या वजनाशी. १०० ग्रॅम चिखलात ६० ग्रॅम पाणी असल्यास धान्याच्या रीतीने ओलावा ६० टक्के, मृदायांत्रिकीच्या रीतीने १५० टक्के. शंभराहून मोठी टक्केवारी पाहून चकित होणाऱ्यांनी आधी छेद विचारावा.

घाईच्या कामात मातीत कॅल्शियम कार्बाइड मिसळून बंद पात्रातील ॲसिटिलीन वायूच्या दाबावरून ओलावा काढतात. खारेपाटात विद्युत्-रोधावरील यंत्र फसते, कारण मिठामुळे वीज सहज वाहते. भट्टीतही पाणी निघून जाते आणि त्यात विरघळलेले मीठ मागे राहून मातीच्या वजनात धरले जाते. म्हणून खाऱ्या चिकणमातीच्या काटेकोर चाचणीत ते मीठ हिशेबातून वेगळे काढावे लागते.