गोव्याच्या फुटबॉलमधली घरची माणसे

२००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांत भारतीय फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. कोलकात्याच्या दोन बलाढ्य क्लबांना, त्यांच्यामागच्या लाखो समर्थकांना आणि पैशाला तेव्हा दोनच जिल्हे असलेल्या या छोट्या राज्याने सात वर्षे मागे ठेवले. धेंपोने त्यातली चार विजेतेपदे घेतली, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक. त्याआधीची १९९८-९९ची साळगावकरची आणि २००४-०५ची धेंपोची धरली तर गोमंतकीय क्लबांची राष्ट्रीय विजेतेपदे नऊ होतात. या नऊ वेळा संघाची धुरा कोणाकडे होती ते पाहिले, तर फुटबॉलमधल्या एका जुन्या वादावर चांगला उजेड पडतो: क्लबने वरची जागा आपल्याच मुशीतल्या माणसाला द्यावी, की बाहेरून जाणता माणूस आणावा? पाच विजेतेपदे आर्मांदो कुलासो या एका गोमंतकीयाची आहेत. उरलेली चार, चार वेगवेगळ्या बाहेरच्यांची: साळगावकरला हैदराबादच्या शब्बीर अलींनी आणि मोरोक्कोच्या करीम बेंचारिफांनी, तर चर्चिलला सर्बियाच्या झोरान ज्योर्जेविच यांनी आणि बंगालच्या सुभाष भौमिकांनी जिंकून दिले. पाच आणि चार, म्हणजे जवळजवळ बरोबरी, असे म्हणून कोणी हा विषय मिटवील. मला ती बरोबरी वाटत नाही. बाहेरच्या चौघांपैकी एकालाही त्या क्लबसाठी दुसरे राष्ट्रीय विजेतेपद मिळवता आले नाही. घरच्या माणसाने ते एकाच क्लबात पाच वेळा मिळवले.

गोव्यात फुटबॉल आला तोच बाहेरच्याच्या हातून. फादर विल्यम लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू १८८३ मध्ये शिवोलीला आले आणि त्यांनी मुलांना हा खेळ शिकवला. पुढे चर्चच्या आवारातून आणि शाळांच्या मैदानांतून तो गावोगाव पसरला, आणि वाड्यावाड्यांच्या सामन्यांतून इतका रुजला की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षातही राहिले नाही. क्लबांना खरे बळ आले ते खाणींच्या पैशाने. साळगावकर, धेंपो, सेसा ही नावे आधी खनिजाच्या धंद्याची आणि मग फुटबॉलची. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची, मैदानावरची वर्षे संपली तरी पगार चालू राहायचा. अशा व्यवस्थेत जुन्या खेळाडूने पोरांना शिकवायला लागणे हा पेढीतल्या बढतीसारखाच प्रकार होता, त्यात कोणाला धोरण वाटत नसे. १९८३-८४ मध्ये गोव्याने संतोष करंडक जिंकला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर पुढे देशाचे कर्णधार आणि पद्मश्रीचे मानकरी झाले. ती पिढी या घरगुती व्यवस्थेतूनच वर आली होती.

या व्यवस्थेचे दोषही खरे होते. जुना खेळाडू म्हणजे जाणता शिक्षक असे काही नसते. घरच्यांमध्ये ओळखीपाळखी चालतात, चुका पोटात घातल्या जातात, नवे तंत्र उशिरा पोहोचते. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि देशभरच्या संघांशी हंगामभर झुंजायची वेळ आली, तेव्हा साळगावकरने शब्बीर अलींना आणले ते योग्यच होते. ब्रुनो कुतिन्होसारखे खेळाडू हाताशी होते, त्यांना लांब पल्ल्याच्या लीगसाठी घडवणारा माणूस हवा होता. शब्बीर अली स्वतः मोठे खेळाडू होते, कोलकात्याच्या मैदानांवर मुरलेले होते, आणि गोव्याला पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्या हाताखाली मिळाले. बाहेरच्या माणसाचे काम इथे स्पष्ट दिसते. घरात नसलेली एक गोष्ट तो घेऊन येतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. ती गोष्ट घरात राहते, की तो गेला की त्याच्याबरोबर जाते?

धेंपोने कुलासोंना २००० साली संघ दिला आणि २०१३ पर्यंत काढून घेतला नाही. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाचे आयुष्य पुष्कळदा महिन्यांत मोजतात, तिथे ही तेरा वर्षे अपवादच. यश लगेच आले नाही. २००३-०४ मध्ये संघ दुसरा आला, पुढच्या हंगामात पहिले विजेतेपद मिळाले. २००८ मध्ये हाच संघ आशियाई महासंघाच्या एएफसी चषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा ही फळी वर्षानुवर्षे एकत्र खेळत राहिली, आणि खेळता खेळता कुलासोंची पद्धत तिच्या अंगात भिनली. २०११ मध्ये प्रशिक्षक बॉब हॉटन गेल्यावर राष्ट्रीय संघाची धुराही काही काळ कुलासोंकडे आली. त्यांच्यानंतर ती दुसरे गोमंतकीय सावियो मेदेरा यांच्याकडे गेली आणि त्या वर्षअखेर भारताने सॅफ स्पर्धा जिंकली. घरच्या माणसाला वेळ दिला तर तो राज्याच्याही पलीकडे उपयोगी पडतो, याचा हा पुरावा आहे.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. धेंपोची विजेतेपदे कुलासोंची की रँटी मार्टिन्सची? नायजेरियाचा हा आघाडीवीर २०११-१२ च्या एकाच हंगामात ३२ गोल करून गेला आणि मधल्या फळीत ब्राझीलचा बेतो होता. म्हणजे घरचा प्रशिक्षक असला तरी सामने बाहेरच्यांनी जिंकले, असे म्हणता येते. पण रँटी २००४ ते २०१२ अशी आठ वर्षे धेंपोत होता. एवढ्या काळात खेळाडू पाहुणा राहत नाही. परदेशी खेळाडू तेव्हा सगळ्याच मोठ्या क्लबांकडे होते, कोलकात्याकडे तर त्याहून महागडे. फरक हा होता की धेंपोत त्यांच्याभोवतीचा संघ आणि बाकावरचा माणूस दरवर्षी बदलत नव्हता. दुसरा आक्षेप चर्चिल आणि साळगावकरचा. बाहेरच्या प्रशिक्षकांनी तिथे विजेतेपदे आणलीच ना? आणली, आणि ती कमअस्सल ठरवण्याचे मला कारण दिसत नाही. बेंचारिफांच्या साळगावकरने २०११ मध्ये लीगपाठोपाठ फेडरेशन चषकही जिंकला. पण ज्या गोव्यात ते जिंकले, तो तयार खेळाडूंचा गोवा होता आणि ती तयारी गावच्या मैदानांवर आणि क्लबांच्या कनिष्ठ संघांत घरच्याच माणसांनी केली होती. पेरणी एकाची आणि मळणी दुसऱ्याची, हे फुटबॉलमध्ये इतके नेहमीचे आहे की पेरणाऱ्याचे नाव नोंदवायची सवयच राहिलेली नाही.

कुलासो गेल्यावर धेंपोने ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास यांना आणले, मग इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन आले, आणि २०१४-१५ च्या अखेरीस पाच वेळा विजेता ठरलेला हा क्लब खालच्या विभागात घसरला. याचा सगळा दोष त्या दोघांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, पैसा आणि लक्ष तिकडे वळले, आणि जुन्या क्लबांचे पाय ढिले झाले. तरी एवढे दिसते की तेरा वर्षांत जमलेली घडी सांभाळायला घरातलाच कोणी तयार ठेवलेला नव्हता. कुलासोंना टिकवून धेंपोने मोठे शहाणपण दाखवले आणि त्यांचा वारस न घडवून मोठी चूक केली. इकडे कुलासो ईस्ट बंगालला गेले. पहिल्या हंगामात संघ लीगमध्ये दुसरा आला, तरी ती जागा त्यांच्याकडे फार काळ राहिली नाही. माणूस तोच होता, अनुभव तोच होता, पण कोलकात्यात ते बाहेरचे होते आणि बाहेरच्याला मिळतो तेवढाच धीर त्यांना मिळाला. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. घरच्या माणसाचा मोठा फायदा त्याच्या जन्मगावात नसतो. त्याला ओळखणारी माणसे एका पराभवाने बिथरत नाहीत, यात तो असतो.

इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाच्या मूळ मालकांत साळगावकर आणि धेंपो या घराण्यांतली माणसे होती, म्हणून प्रशिक्षकाची त्यांची पहिली निवड विचार करायला लावते. कुलासोंना तेरा वर्षे देणाऱ्या परंपरेतल्या माणसांनी २०१४ मध्ये झिकोंना आणले. ब्राझीलकडून तीन विश्वचषक खेळलेला, जपानला २००६ च्या विश्वचषकात प्रशिक्षण दिलेला हा माणूस गोव्यात येणे हीच मोठी गोष्ट होती. पोर्तुगीजभाषी फुटबॉलशी गोव्याचे जुने नाते असल्याने त्याला भावनेचीही जोड होती. २०१५ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला, २०१६ मध्ये तळाला गेला. मग स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले आणि त्यांनी खेळ पालटला. फेरान कोरोमिनास सलग दोन हंगाम लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, २०१९ मध्ये सुपर चषक आला. चेंडू पायाशी ठेवून, छोट्या पासांनी पुढे सरकणारा तो खेळ गोमंतकीय प्रेक्षकाला आपलासा वाटला. लोबेरांचे ऋण कोणी नाकारू नये.

पण ३१ जानेवारी २०२० ला, संघ गुणतक्त्यात वर असताना आणि साखळीचे तीनच सामने उरले असताना, क्लबने लोबेरांना काढले आणि संघ धेंपोच्या त्या जुन्या फळीतल्या क्लिफर्ड मिरांडाकडे दिला. पुढचे तीन निकाल असे होते: हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबई सिटीविरुद्ध ५-२, जमशेदपूरविरुद्ध ५-०. एफसी गोवाने साखळीतले अव्वल स्थान राखले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून एकूण ६-५ अशी हार झाली. संघ लोबेरांनी बांधला होता, मिरांडांनी फक्त शेवट केला, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. मात्र तो शेवट बिघडवणे सोपे होते आणि त्यांनी तो बिघडवला नाही. एवढ्यावर निदान एक पूर्ण हंगाम त्यांच्या हाती द्यायला हरकत नव्हती. पुढच्या हंगामासाठी स्पेनचेच हुआन फेरांदो आले. २०२३ मध्ये हीच गोष्ट ओडिशात पुन्हा घडली. मिरांडांनी तात्पुरत्या प्रशिक्षकाच्या नात्याने ओडिशाला सुपर चषक जिंकून दिला आणि त्यानंतर ओडिशाने मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले ते लोबेरांना. दोन्ही वेळा घरच्या माणसाकडून काम झाले आणि जागा दुसऱ्याला मिळाली. पिकते तिथे विकत नाही, याचे याहून नेमके उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये मला आढळत नाही.

याच्या उलट २०२१-२२ चे उदाहरण दिले जाईल. फेरांदो हंगामाच्या मध्यावर कोलकात्याला निघून गेले, संघ डेरिक परेरांकडे आला आणि एफसी गोवा नववा राहिला. परेरा म्हणजे ज्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली ते, म्हणजे अननुभवी मुळीच नव्हेत. तरी जमले नाही. मी हे अपयश लपवत नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे असे माझे म्हणणे आहे. दुसऱ्याने निवडलेला, दुसऱ्याने शिकवलेला आणि मध्येच सोडून दिलेला संघ हातात देऊन कोणाचीही परीक्षा होत नाही. परदेशी प्रशिक्षकाला हंगामाआधी खेळाडू निवडता येतात, सराव शिबिर घेता येते, सोबत आपली माणसे आणता येतात. घरच्याला आग लागल्यावर बोलावतात आणि ती पूर्ण विझली नाही की त्याची पात्रता काढतात.

आणि मुंबईचे उदाहरण आठवावे. खालिद जमील मुंबई एफसीचे खेळाडू होते, २००९ मध्ये त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले आणि थोड्या पैशांत तो संघ त्यांनी वर्षानुवर्षे वरच्या लीगमध्ये टिकवला. २०१६ मध्ये ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. २०१६-१७ च्या त्या एकाच हंगामात ऐझॉल आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगचा, विजेता झाला आणि मुंबई एफसी खाली घसरला. ऐझॉलसाठी जमील बाहेरचे होते, तेव्हा हे उदाहरण दुधारी आहे हे मान्य. पण ऐझॉलला मिळालेला तो बाहेरचा माणूस मुंबईच्या एका क्लबने घरात घडवला होता. कोणीतरी कुठेतरी आपल्या माणसाला पहिली संधी दिल्याखेरीज दुसऱ्याला आणण्याजोगा माणूस तयारच होत नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या सात हंगामांत एकाही क्लबने भारतीयाला कायमचा मुख्य प्रशिक्षक केले नाही. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने जमील यांना नेमून ती प्रथा मोडली आणि २०२५ मध्ये ते देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले.

बाहेरचे प्रशिक्षक येऊ नयेत असे मी म्हणत नाही. लायन्सपासून लोबेरांपर्यंत गोव्याने बाहेरून घेतले आणि ते पचवले. पण प्रत्येक परदेशी प्रशिक्षकाच्या करारात घरच्या एका माणसाला तयार करण्याची जबाबदारी लिहिलेली असावी, आणि करार संपला की त्या माणसाला हंगामाच्या पहिल्या दिवसापासून, निदान दोन वर्षांसाठी, संघ मिळावा. धेंपोने आता ते काही अंशी केले आहे. २०२४-२५ मध्ये हा क्लब आय-लीगमध्ये परतला तो कुलासोंच्या संघातून खेळलेल्या समीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली. एफसी गोवाच्या मालकांनी हे करून पाहावे. २०१४ पासून २०२५ पर्यंत त्यांच्या एकाही हंगामाची सुरुवात गोमंतकीय मुख्य प्रशिक्षकाने झालेली नाही.